पाहुण्याला पावती

मी पर्यटनाच्या धंद्यात आले ती फुलांच्या पाटीतून. आमचा मळा नाशिकला लागूनच. वडील झेंडू, शेवंती आणि मधल्या रिकाम्या वाफ्यात कोथिंबीर लावायचे. आमचा झेंडू एवढा मोठा व्हायचा की दसऱ्याला एका दाराला एकच फूल पुरायचं. तोरणासाठी कुणी दुसरं घ्यायचं नाही, त्यामुळे आम्ही कायम गरीब. हे मी आजवरच्या प्रत्येक मुलाखतीत सांगितलंय आणि एकाही पत्रकारानं मळ्यावर येऊन फूल मोजलेलं नाही. तेव्हा ते खरं मानायला हरकत नाही.

पहिलं ऑफिस गंगापूर रोडला, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर. जागा इतकी अरुंद की भिंतीवर जगाचा नकाशा मावेना, म्हणून ऑस्ट्रेलिया मागं दुमडून लावला होता. आमच्या कंपनीनं पुढची कित्येक वर्षं ऑस्ट्रेलियाची टूर काढली नाही. लोक त्यामागं काहीतरी व्यावसायिक धोरण असेल असं समजायचे.

धंद्यातली पहिली अक्कल मला शिकवली ती कांदेवाल्यांनी. आमच्याकडचा माणूस फिरायला जात नाही. फिरतो तो रिकामटेकडा. माणूस देवाला जातो. सटाण्याकडचे एक बाबा कांदा विकून थेट माझ्यासमोर येऊन बसले. मी बँकॉकचं पत्रक पुढं केलं. समुद्र, हत्ती, बाजार, सगळं दाखवून झालं. बाबांनी पत्रक उलटं करून पाहिलं आणि विचारलं, “तठे देव शे का?”

“आहे ना बाबा. चार तोंडांचा आहे.”

“चार तोंडंना?” त्यांनी बोटांवर मोजलं. “मंग चार तिकिटं काढा.”

त्या दिवसापासून माझ्या एकाही पत्रकावर ‘सहल’ हा शब्द छापला गेला नाही. दुबई घ्या, सिंगापूर घ्या, स्वित्झर्लंड घ्या, मी सगळीकडे देव शोधून काढला. स्वित्झर्लंडला नाही सापडला, तर बर्फाची स्वयंभू पिंड असते म्हणून सांगितलं. सकाळच्या गाडीनं गेलात तर दर्शन होतं, उन्हं वर आली की देव वितळतो. लोक पहाटे साडेचारला आंघोळ करून हॉटेलच्या दारात उभे. माझ्या टूरइतक्या वेळेवर निघणाऱ्या टूर युरोपात दुसऱ्या नव्हत्या.

सांगायचा मुद्दा असा, की शब्द सापडला की धंदा आपोआप होतो, आणि मला शब्द सापडतो, असा माझा ठाम समज झाला होता. या समजानंच पुढं माझी अब्रू काढली.

सरकारात मी कशी गेले? कागदावर निवड समिती आहे, मुलाखत आहे, ‘खाजगी क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव’ आहे. ते सगळं खरं आहे. पण कागदावर भगर नाही. एका मंत्र्यांच्या मातोश्री आमच्याबरोबर सिंगापूरला होत्या आणि नेमकी तिथं एकादशी लागली. मी हॉटेलच्या मुदपाकखान्यात घुसून, तिथल्या सहा आचाऱ्यांना बाहेर काढून, त्या माउलीला भगर आणि दाण्याची आमटी करून घातली. परत आल्यावर त्या आपल्या मुलाला म्हणाल्या, “जी बाई परमुलखात माझा उपास मोडू देत नाही, ती राज्याचं काय वाटोळं करणार?” एवढ्या शिफारशीवर आमच्याकडे माणसं याहून मोठ्या खुर्च्यांवर बसलेली आहेत. मी पर्यटन मंडळाची प्रमुख झाले.

खुर्चीबरोबर मला दोन माणसं मिळाली. एक कक्ष अधिकारी, निवृत्तीला टेकलेले. त्यांनी मला कधी ‘हो’ म्हटलं नाही की ‘नाही’ म्हटलं नाही. ते ‘तपासून पाहता येईल’ म्हणायचे. खिडकीबाहेर पाऊस पडतोय का विचारलं तरी हेच. दुसरा ड्रायव्हर, बागलाणातला. घरची अहिराणी, ऑफिसची मराठी, आणि ट्रॅफिकमध्ये तिसरीच एक भाषा बोलायचा.

पेठच्या डोंगरातल्या एका गावात पर्यटकांना लोकांच्या घरीच उतरवायची योजना निघाली तेव्हा माझ्यापुढं इंग्रजी मसुदा आला. त्याचं मराठी कक्ष अधिकाऱ्यांनी केलं होतं. गावात येऊन राहणाऱ्या माणसाला त्यांनी ‘तात्पुरता निवासी पर्यटक’ म्हटलं होतं. वाचताना असं वाटे की या माणसाला लवकरच डिस्चार्ज मिळणार आहे.

मी लाल पेन घेतलं. ‘तात्पुरता निवासी पर्यटक’ खोडलं आणि एकच शब्द लिहिला. पाहुणा.

कक्ष अधिकाऱ्यांनी तो शब्द बराच वेळ पाहिला. “मॅडम, ‘पाहुणा’ या संज्ञेची व्याख्या शासन निर्णयात नाही.”

“ती लोकांच्या रक्तात आहे.”

“तपासून पाहता येईल,” ते म्हणाले.

आम्ही तपासून पाहिलं नाही. घोषवाक्यही मीच केलं: ‘पर्यटक नव्हे, पाहुणा!’ भिंती रंगल्या, बॅनर लागले, आणि पावसाळ्याच्या तोंडाला मी स्वतः पेठचा घाट चढून गावात प्रशिक्षणाला गेले. बारा घरं निवडली होती. बारा घरच्या बाया शाळेच्या वऱ्हांड्यात बसल्या होत्या. मी असं भाषण केलं की समोरच्या डोंगरावरची गुरं चरायची थांबली. भाषणाचं सार एवढंच होतं, की बायांनो, नवं काहीही शिकायचं नाही. पाहुणा घरी आल्यावर तुम्ही जे करता तेच करा. त्यात कमी नको, जास्त नको.

बायांनी माना हलवल्या. ड्रायव्हर मागं दाराशी उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. मी तिकडं लक्ष दिलं नाही.

शेवटी एक बाई उठली. उंच, हाडापेरानं मजबूत, पस्तिशीची. “बाई, एक इचारू का? ही योजना चालली, तर यंदा मला बागेवर जायाला नको ना?”

त्या डोंगरातली निम्मी गावं दसरा झाला की रिकामी होतात. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाची छाटणी सुरू होते, मुकादमाची पिकअप येते, आणि माणसं चूल-भांडी घेऊन चढतात ती माल निघेपर्यंत बागेच्या बांधाला कापडाखाली राहतात. हिचा नवरा तर बारमाही एका बागेवरच असायचा. आणि हिच्याकडे होती सासू, दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ आंधळी. मागं ठेवावी तर पाणी कोण देणार? म्हणून आदल्या वर्षी सासूला पिकअपमध्ये घालून नेली. म्हातारी चार महिने बागेच्या कडेला बसून होती. परत आल्यावर तिनं सांगून टाकलं होतं, “दुसऱ्याच्या द्राक्षाखाली मी मरनार नाय. मला मराया माझंच छप्पर पायजे.”

“मुकादमाला मी अजून हो म्हनले नाय,” बाई म्हणाली. “गाडी दारात यील तवा सांगते म्हनले. तुम्ही सांगा, काय सांगू?”

मी मंडळाची प्रमुख होते. पाच खंडांत देव शोधून दिलेली बाई होते. “नाही येत म्हणून सांगा,” मी म्हटलं. “माझा शब्द.”

पावसाळ्यात योजना अशी चालली की मला स्वतःचाच हेवा वाटायला लागला. गाव ढगात होतं, धबधबे होते, नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी होती. बुकिंग सांभाळायला दोन माणसं कमी पडायला लागली. पर्यटकांचे अभिप्राय यायचे ते वाचून कक्ष अधिकाऱ्यांनी चष्मा पुसलेला मी पाहिलाय. ‘आम्ही रडतच निघालो.’ ‘सख्खी बहीण असं करणार नाही.’ ‘निघताना नेसवलेली साडी जपून ठेवली आहे.’

या शेवटच्या वाक्याशी मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. मला वाटलं, काव्य आहे.

पुढच्या आठवड्यात मुंबईचा एक पर्यटक ऑफिसात आभार मानायला आला. त्याच्या डोक्यावर नवी कोरी पांढरी टोपी होती आणि खांद्यावर टॉवेल.

“हे कुठलं?” मी विचारलं.

“गावातून निघताना घातलं. मिसेसची खणानं ओटी भरली. शिवाय पाच किलो नागली. फार मोठी माणसं, मॅडम!”

“आणि राहण्या-जेवण्याचे दिलेत ना तुम्ही? घराच्या भिंतीवर दरपत्रक आहे.”

“काढले होते की. घेतलेच नाहीत! म्हणाल्या, पाहुण्याकडून कुणी घेतं का?”

मी ड्रायव्हरला हाक मारली. पेठचा घाट आम्ही अशा वेगानं चढलो की खाली उतरणारी एसटी आम्हाला वाट द्यायला म्हणून परत वर गेली.  घाटमाथ्यावर ड्रायव्हर बोलला, “मॅडम, आमना कडे पाहुणाले बिल दिधं ना, ते सात पिढ्या सोयरीक व्हत नही.”

“मग हे तू भाषणाच्या दिवशी का नाही सांगितलंस?”

“तुम्ही भाषण करत होत्या ना.”

बाईच्या दारात गेले तर ती पडवीत टॉवेलांच्या घड्या घालत बसली होती. नवे टॉवेल. शेजारी टोप्यांची चवड. मला पाहून तिनं आधी पाणी आणलं, मग चहा टाकला, मग बोलायला बसली.

“बाई, शेळी इकली,” तिनं सांगितलं. तक्रार म्हणून नाही. आज सोमवार आहे असं सांगावं तसं. “पाहुने लय आले. चांगले व्हते समदे. पण टॉवेल-टोपीला पुरवठा होईना. पलीकडचीनं तर पाटल्या मोडायचं काढलंय. तुम्ही म्हनल्या व्हत्या, कमी नको, जास्त नको. कमी नाय केलं.”

बारा घरांनी पावसाळाभर राज्यातल्या पर्यटकांना आहेर केला होता. सरकारच्या एका शब्दावर. आणि दसरा पंधरा दिवसांवर होता.

“मग मुकादमाला…”

“आता जावंच लागंल,” ती म्हणाली आणि आत म्हातारीकडे एकदा पाहून आवाज खाली घेतला. “तिला अजून सांगितलं नाय.”

मी ऑफिसात येऊन दार लावलं. अनेक महापुरुषांनी संकटात दार लावलेलं आहे. दोन तासांनी कक्ष अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांनी सुचवलं, पर्यटकाकडून आगाऊ घ्यावेत आणि परस्पर बायांच्या खात्यात भरावेत. म्हणजे दारात प्रश्नच नाही. मला त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. लगेच अंमलबजावणी केली. आठवड्यानं गावात गेले तर बायांनी खात्यातले पैसे काढले होते आणि पूर्वीपेक्षा भारीतले टॉवेल आणले होते. एका घरी तर पुरुषाला फेटा सुरू झाला होता.

“सरकारनं पाहुन्यासाठी पाठवले ना?” बाई म्हणाली. “मंग पाहुन्यावर नको का खरचाया?”

तेव्हा मी ठरवलं, की चूक शब्दाची आहे, तर शब्दच बदलायचा. शब्दांची मला कधी कमी पडली नव्हती. त्या बाईला मी समोर बसवलं आणि समजुतीनं सांगितलं, “हे बघा, हे लोक पाहुणे नाहीत. त्यांना गिऱ्हाईक समजा. दुकानात येतं ना, तसं गिऱ्हाईक.”

तिचा चेहरा एकदम बंद झाला. हातातलं भांडं तिनं खाली ठेवलं. “बाई, तुम्ही शिकलेल्या हात, म्हनून बोलत नाय. पण माझा नवरा बागेवर असतो. माझ्या घरात रातीचं गिऱ्हाईक झोपतं, असं तुम्ही भिंतीवर लिवनार?”

ड्रायव्हर खोकला आणि गाडीचं टायर बघायला गेला. चारही टायर त्यानं अर्धा तास पाहिले.

आयुष्यात मी दोनदाच गप्प बसले आहे. एकदा स्वित्झर्लंडमध्ये, एक बाबा पिंडीला बेल वाहायला निघाले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा ही. मी खाटेवर बसून राहिले. बाई चुलीपाशी गेली. भाकरी थापायचा आवाज सुरू झाला, आणि मग कोपऱ्यातून दुसरा आवाज आला.

“आन पाहुने हातावर ठेवत न्हाईत व्हय?”

म्हातारी बोलत होती. ती भिंतीला टेकून बसलेली, डोळे छपराकडे. इतके दिवस मी तिला नमस्कार करत आले होते आणि विचारलं कधीच काही नव्हतं. राज्याच्या पर्यटन धोरणावर मी लंडनच्या माणसांचं मत घेतलं होतं.

“कशावर, आजी?”

“हातावर. पाहुना निघाला का घरातल्या मोठ्याच्या हातावर ठेवतो. पानाला म्हनून. बारकं असलं तर बारक्याच्या. ते घ्याया लागतं. ते काय बिल हाय व्हय? ती रीत हाय.”

चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज थांबला.

“मग या पर्यटकांनी… पाहुण्यांनी ठेवलं नाही कधी?”

“ठेवलं की एकानं. लय चांगला व्हता. माझ्या हातावर ठेवलं. मी म्हनले, नको नको, कशाला! आन त्यानं काढून खिशात घातलं की गं!” म्हातारीच्या आवाजात पहिल्यांदाच संताप आला. “एकदा नको म्हनल्यावर! काय शिकवलं त्याच्या आयनं त्याला?”

“म्हणजे तुम्ही घेतलं असतं?”

“घेतलं असतं ना. पण येकदम कसं घेनार? हावरट दिसतं. दोन-तीन डाव नको म्हनावंच लागतं.”

मी खाटेवरून उठले आणि तिच्या पायावर डोकं ठेवलं. ड्रायव्हर टायर बघून परत आला होता. त्याला वाटलं म्हातारी गेली; त्यानं टोपी काढली.

पुढचे चार दिवस मी आणि कक्ष अधिकारी एका परिपत्रकावर बसलो. सरकारात मी पूल पाहिलेत, रस्ते पाहिलेत, धरणाच्या भिंतीवरून गाडी नेली आहे. पण त्या परिपत्रकाइतकं मजबूत बांधकाम माझ्या हातून झालं नाही. दरपत्रकं भिंतीवरून उतरवली आणि दर पर्यटकाला आधीच फोनवर कळवायचा ठरला, तोही ‘पानसुपारी’ म्हणून. मुख्य कलम कक्ष अधिकाऱ्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘प्रयाणसमयी पर्यटकाने घरातील ज्येष्ठतम व्यक्तीच्या हाती पानसुपारी ठेवावी. सदर व्यक्तीने प्रथम, द्वितीय व तृतीय नकार दिल्यास तो नकार समजण्यात येऊ नये. पर्यटकाने आग्रह चालू ठेवावा.’

“मॅडम,” सही घेताना ते म्हणाले, “माझ्या घरी कुणी आलं की माझी बायको पाच वेळा नको म्हणते.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं, तपासून न पाहता केलेलं हे एकमेव विधान.

“आपण तीनच ठेवू,” मी म्हटलं. “शहरातली माणसं आहेत. दमतील.”

आहेर बंद करायचा प्रश्न राहिला होता, तो बाईनंच सोडवला. पानसुपारी ठेवणाऱ्या पाहुण्याची ओटी भरायची ती नारळावर भागवायची. टॉवेल-टोपी फक्त सोयऱ्यांना. “सोयरे आन पाहुने यकच नसत्यात बाई,” ती म्हणाली. हा फरक मला ठाऊक असता तर शेळी वाचली असती.

पण हे सगळं कागदावर. दाराशी कुणी करून दाखवलेलं नव्हतं. बाईनं स्पष्ट सांगितलं, “एकदा माझ्या डोळ्यांनी बघते. झालं, तर ऱ्हाते. नाय झालं तर गाडीत बसते. भांडी बांधून ठेवते.”

आणि योग असा, की नव्या पद्धतीचे पहिले पाहुणे ज्या सकाळी निघायचे होते, त्याच सकाळी मुकादमाची पिकअप यायची होती. हा योग मी जुळवला नव्हता. मी जुळवला असता तर पाहुणे चार दिवस आधी निघाले असते.

मी उजाडताच गावात हजर. पडवीत भांड्यांचं गाठोडं बांधून तयार होतं, वर म्हातारीची गोधडी. आतून पुण्याचं एक जोडपं बॅगा घेऊन आलं. नवरा कंप्युटरवाला, अतिशय सज्जन. मोबाइलवर माझं परिपत्रक उघडून ठेवलेला. बायको नुसती हसत होती. तेवढ्यात खाली रस्त्यावर पिकअपचा हॉर्न वाजला.

तो म्हातारीपुढं बसला, वाकून नमस्कार केला आणि तिच्या हातावर पाकीट ठेवलं. “आजी, पानाला.”

“नको रे बाबा, कशाला!”

त्यानं मोबाइलकडे पाहिलं. “असू द्या आजी.”

“नको नको. आपलं घर हाय.”

“घ्या ना आजी.”

“नको म्हनते ना मी!”

खाली पुन्हा हॉर्न. मी बाईकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिची नजर म्हाताऱ्या हातावर. कलमाप्रमाणे तीन झाले होते. आता घेणार. त्यानं चौथ्यांदा पाकीट पुढं केलं.

“अरं नको, तू लेकरावानी हाय मला!” म्हातारी म्हणाली. तिला तो आवडला होता. आवडत्या पाहुण्याला एक नको जास्त म्हणतात, हे परिपत्रकात नव्हतं.

तो थांबला. नियमानं चालणारा माणूस. चौथ्या नकाराचं काय करायचं हे शासनानं सांगितलेलं नव्हतं. त्यानं वळून माझ्याकडे पाहिलं. मी छपराकडे पाहिलं. मी छपराकडे अशी पाहत होते की त्या क्षणी एक कौल सरकलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. त्याचा हात मागं यायला लागला. रस्त्यावर मुकादमानं गाडीत बसून हॉर्नवर कोपर ठेवलं होतं. बाईनं चौकट सोडली आणि गाठोड्याकडे पाहिलं.

तेवढ्यात त्याची बायको पुढं झाली. तिनं परिपत्रक वाचलेलं नव्हतं. तिनं नवऱ्याच्या हातातलं पाकीट घेतलं, म्हातारीच्या तळव्यावर ठेवलं, तिची बोटं एकेक करून वर मिटवली आणि आपल्या दोन्ही हातांनी ती मूठ धरून ठेवली. “आजी, माझ्या गळ्याची शपथ. परत केलंत तर मी इथून उठणार नाही.”

म्हातारीनं मूठ एकदा सोडवून पाहिली. मग म्हणाली, “आता शपतच घातली. काय करनार बाई.” आणि मूठ तिनं कनवटीला नेली.

बाईनं गाठोड्यावरची गोधडी उचलली आणि आत नेऊन सासूच्या जागेवर अंथरली. मग नारळ घेऊन आली आणि त्या मुलीची ओटी भरली.

मुकादम वैतागून वर आला होता. “अगं, चल की! समदे बसले गाडीत.”

“मी नाय येत. पाहुने हायेत घरी.”

आमच्याकडे या वाक्यापुढं कुणाचं काही चालत नाही. लग्न, मयत, कोर्टाची तारीख, सगळं या वाक्यानं पुढं ढकलता येतं. तरी मुकादम तयारीचा होता. त्यानं बॅगांकडे बोट केलं. “हे तर चालले!”

“हे चालले. दुसरे दुपारी येत्यात. आन परवा तिसरे.”

मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या गाडीवरच्या सरकारी पाटीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं. मग तो पडवीत टेकला, बाईनं दिलेला चहा बशीत ओतून प्याला, कप उपडा ठेवला आणि खाली उतरून गेला. पिकअप निघाली. तिच्यात मागं माणसं बसली होती; त्या गावातली नऊ घरं अजून आमच्या योजनेत नव्हती, आणि त्यांच्यासाठी माझ्याकडे त्या दिवशी शब्द नव्हता.

मी खाटेवर आडवी झाले. पर्यटन क्षेत्रात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला पाठ टेकायचा हक्क असतो. ड्रायव्हर पायरीवर बसून नागलीची भाकरी खात होता. डोळा लागतोय न लागतोय तोच खांदा हलला.

“बाई, उठा,” ती म्हणाली. तिच्या हातात झाडू होता. “दुपारचे पाहुने येत्यात. खाट मोकळी करा.”

मी उठले आणि चपला घातल्या.

“आन आयच्या हातावर काय ठेवलं न्हाई तुम्ही,” तिनं मागून हाक मारली. “इतक्या डाव जेवून गेल्या.”

मी पर्स उघडली. म्हातारी नको म्हणाली. मी मोजत गेले. सहाव्यांदा तिनं घेतलं.